सोळा बाय दहा

मास्तरांचा आवाज किती लांब जातो, हे आम्ही एका रविवारी दुपारी लोखंडी टेपने मोजले. त्यांना भिंतीशी खुर्चीवर बसवले, हातात त्या दिवसाचे वर्तमानपत्र दिले, अग्रलेख वाचायची विनंती केली आणि आमच्यातला एकेक जण मागे मागे सरकत गेला. ८ फुटांवर सारे स्वच्छ ऐकू येत होते. १० फुटांवर वाक्यांची टोके विरू लागली. १२ फुटांवर अर्थ लागत होता, पण तो लावून घ्यावा लागत होता. त्यापलीकडे नुसते ओठ हलताना दिसत. मास्तरांना या मोजणीची गंमत वाटत असावी. "सातबाऱ्यावर नोंद करून टाका," ते म्हणाले, "पोटखराबा वगळून किती निघाली?"

आमचे मंडळ म्हणजे पाच माणसे आणि एक बैठकीची खोली. मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. डोंबिवली पूर्वेला, आमच्यातल्या एकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी काहीतरी वाचले जाते. कधी कथा, कधी नाटकाचा एखादा अंक, क्वचित निबंध. ऐकायला बारा-पंधरा माणसे येतात. हे तेव्हा नऊ वर्षे चालले होते आणि त्या नऊ वर्षांतल्या निम्म्याहून अधिक शनिवारी वाचणारे मास्तर होते. शाळेत तीसेक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस अभिनय अजिबात करीत नसे. पात्रे बदलली म्हणून आवाज बदलणे, रडण्याच्या जागी गळा दाटून आणणे, यातले काही नाही. वाक्य जसे लिहिले आहे तसे पोहोचवायचे, एवढाच त्यांचा आग्रह. आणि त्यामुळेच की काय, मास्तरांच्या वाचनात लेखकाची विरामचिन्हेसुद्धा ऐकू येत.

मग घशाचे दुखणे निघाले, शस्त्रक्रिया झाली, आणि जो आवाज परत आला तो वर सांगितलेल्या हद्दीचा होता. पाच महिने मास्तर केवळ ऐकायला येत. ऑक्टोबराच्या तोंडावर त्यांनी आपण होऊन सांगितले, की जी. ए. कुलकर्णींची एक दीर्घ कथा त्यांना दिवाळीच्या आधी वाचायची आहे. "एकदा वाचतो," एवढेच ते म्हणाले. त्या 'एकदा'चा अर्थ कुणी विचारला नाही. बातमी मात्र पसरली. जुने विद्यार्थी, सहशिक्षक, पूर्वी येऊन गेलेले श्रोते असे करता करता यादी चाळीसवर गेली, आणि तिथे ती आम्ही बंद केली. चाळीस माणसे, १२ फुटांचा आवाज, आणि १६ फूट बाय १० फुटांची खोली.

माइकचा पर्याय आमच्याही डोक्यात आला होता. लहान स्पीकर आणून पाहिलाही. पण मास्तरांच्या नव्या आवाजात श्वासाची जी खरखर होती, ती माइकने शब्दांआधी उचलली. "याने आवाज मोठा होतो, माझा होत नाही," असे म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. गच्चीचा विचार केला. पण उघड्यावर आवाजाला परत फिरवणाऱ्या भिंती नसतात. मोकळ्यात अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंती आणि छत आपापला वाटा परत करतात म्हणून ही उतरण थोडी सौम्य होते. आमच्यासारख्या कफल्लक आवाजवाल्यांना तो वाटा सोडणे परवडणारे नव्हते. शिवाय गच्चीवर पाण्याच्या टाकीचा पंप होता. शाळेचा एक वर्ग मिळत होता, तो मास्तरांनीच नाकारला. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्याची नोकरी आपण पुरी केली आहे, असे ते म्हणाले. उरली तीच खोली.

इथे आमच्याविषयी थोडे कबूल करणे भाग आहे. नाटक-साहित्याविषयी लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या आमच्या पिढीला 'निकटता' या कल्पनेचे फार आकर्षण. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने आणि इतर संस्थांनी जे प्रयोग केले, ते आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले नाहीत. ऐकले मात्र इतके, की त्या खुर्च्या आम्हालाच रुतल्या असाव्यात असे आम्ही बोलतो. बादल सरकारांनी कमानी रंगमंच सोडून 'अंगणमंच' मांडला. त्यांच्या 'मिछिल'मध्ये, जे मराठीत 'जुलूस' या नावाने आले, प्रेक्षकांची आसने चक्रव्यूहासारखी मांडून त्यांच्यामधून मिरवणुकीची वाट काढलेली असे. पोलंडमधल्या ओपोल्याला ग्रोटोव्हस्की आणि त्यांचे वास्तुतज्ज्ञ येझी गुराव्स्की प्रत्येक नाटकासाठी खोलीची मांडणीच नव्याने करीत. १९६३च्या 'डॉक्टर फाउस्टस'मध्ये प्रेक्षक लांब मेजांशी मेजवानीच्या पाहुण्यांसारखे बसले होते. पीटर ब्रुक यांच्या १९६८च्या 'द एम्प्टी स्पेस'चे नाव तर आमच्या चर्चांत दर दोन वाक्यांनी येई. ही सारी नावे तोंडावर खेळवणाऱ्या आम्ही पाच जणांनी नऊ वर्षांत त्या खोलीतला सोफा एकदाही हलवला नव्हता.

रिकामा अवकाश डोंबिवलीत नसतो. तो रिकामा करावा लागतो. सोफा, शोकेस, दिवाण, शिवणयंत्र, टीव्हीचे मेज, आणि स्वयंपाकघरात मावत नाही म्हणून बाहेर आलेला फ्रिज. यातला सोफा शेजाऱ्यांकडे गेला, शिवणयंत्र वरच्या मजल्यावर, शोकेस न हलण्याच्या अटीवर भिंतीला टेकून राहिली असती, पण तीही अखेर हलली आणि तिच्यामागे सहा वर्षांपूर्वी हरवलेले एक पुस्तक सापडले. (ते ज्याने परत केले नाही असे आम्ही समजत होतो, त्या गृहस्थांशी आमचे संबंध तेव्हापासून थंड होते. असो.)

खोली अशी होती. लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या आखूड भिंतीत, दक्षिण कोपऱ्याकडे, घराचे मुख्य दार. त्याच्या बरोबर समोर, पूर्वेला, गॅलरी. दक्षिणेच्या लांब भिंतीत दोन दारे: पश्चिमेकडचे आतल्या खोलीचे, पूर्वेकडचे स्वयंपाकघराचे. उत्तरेची लांब भिंत पूर्ण कोरी, पलीकडे शेजाऱ्यांचे घर. नऊ वर्षे वाचणाऱ्याची खुर्ची पूर्वेला, गॅलरीकडे पाठ करून असे. कारण पहिल्या दिवशी ती तिथे ठेवली गेली होती. या मांडणीचे दोष टेप हातात घेतल्यावर दहा मिनिटांत दिसले. वाचणाऱ्याच्या मागून उजेड येई, त्यामुळे चेहरा काळा दिसे. मागूनच लोकलचा आवाज येई. आणि पश्चिमेच्या दूरच्या कोपऱ्यातला श्रोता त्याच्यापासून १५ फुटांहून लांब पडे.

मास्तरांना उत्तरेच्या कोऱ्या भिंतीच्या बरोबर मध्यावर बसवायचे ठरले. पाठीशी भिंत, तोंड भिंतीपासून दीड फूट पुढे. आता दोन्ही बाजूंना ८ फूट आणि समोर साडेआठ. खोलीतला सर्वांत दूरचा कोपरा पायथागोरसच्या कृपेने ११ फूट ८ इंचांवर आला. आमच्यातल्या एकाने एडवर्ड हॉलच्या 'द हिडन डायमेन्शन' (१९६६) या पुस्तकाची आठवण करून दिली. माणसामाणसांतल्या अंतरांचे हॉलने जे टप्पे पाडले, त्यांत ४ ते १२ फूट हा ओळखीपाळखीच्या, कामकाजाच्या बोलण्याचा टप्पा आहे. १२ फुटांपुढे सार्वजनिक अंतर सुरू होते आणि तिथे माणसाचा आवाज, शब्दांची निवड, वाक्यांची घडण सारेच भाषणाच्या वळणावर जाते. मास्तरांचा घसा सार्वजनिक होऊ शकत नव्हता. त्यामुळे चाळीस माणसांना ओळखीच्या अंतरात बसवणे आले.

हवेचा प्रश्न वेगळाच होता. छताचा पंखा चालू ठेवला, तर मास्तरांची हद्द ८ फुटांवर येई. बंद ठेवावा, तर ऑक्टोबर होता, आणि स्वस्थ बसलेला प्रौढ माणूससुद्धा साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. चाळीस माणसे म्हणजे खोलीत चार हजार वॅटची शेगडी. कथा सत्तर मिनिटांची होती. पस्तीस मिनिटे पंखा बंद, मध्ये दहा मिनिटे पूर्ण वेगात, पुन्हा पस्तीस मिनिटे बंद, असा तह झाला. गॅलरीचे दार उघडे ठेवायचे, लोकलचा आवाज आता निदान कडेने येणार होता.

मग माणसे. आलेखाच्या कागदावर अर्ध्या फुटाला एक चौकोन धरून आम्ही खोली काढली, पण कागदावर माणसे फार आज्ञाधारक असतात. तेव्हा रद्दी काढली. उघडलेले वर्तमानपत्र सव्वादोन फूट रुंद आणि पावणेदोन फूट लांब भरते. मांडी घालून बसलेल्या माणसाला नेमकी तेवढीच जागा लागते. हा शोध आम्हाला आमच्या साहित्यसेवेतला सर्वांत उपयुक्त शोध वाटतो. एक वर्तमानपत्र, एक माणूस. मागच्याचे डोके पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत येईल, अशा तिरक्या रांगा मांडल्या. खाली बसू न शकणाऱ्यांसाठी खुर्च्या; पण खुर्ची पुढे आली, की मागचे दोन गेले, म्हणून सगळ्या खुर्च्या भिंतींना: दोन दारांच्या मध्ये चार, पश्चिमेला तीन. आतल्या खोलीतला पलंग दारासमोर ओढून त्यावर सहा. गॅलरीत तीन. आणि जमिनीवर चोवीस. बेरीज तीन वेळा केली. चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. आम्ही पाच जण त्या वर्तमानपत्रांच्या मधोमध उभे राहून, हस्तलिखित पुरे केल्यासारखे एकमेकांकडे पाहत होतो.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांना बाहेर पाऊल ठेवता येईना. उंबऱ्याला लागूनच तीन माणसे मांडलेली होती.

काकू म्हणजे घरमालक मित्राच्या आई. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी दारातूनच सगळ्या कागदांवरून नजर फिरवली आणि विचारले, "हा कोण?" बोट पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या वर्तमानपत्राकडे होते. आम्हाला प्रश्न कळला नाही. "म्हणजे इथे कोण बसणार?" आम्ही सांगितले, कोणीही, जो आधी येईल तो. "अरे, असं कसं? तो बँकेतला येणार आहे ना, तो पुढे बसून घोरतो. त्याला गॅलरीत घाला, वाऱ्यावर जागा राहील. कर्जतची गाडी धरणारे दाराशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या त्या बाई खुर्चीवर, पण कडेच्या, मधल्या नव्हे. खोकणारा कोणी असेल तर तोही कडेला. आणि पलंगावर पोरंसोरं. त्यांचे कान चांगले." दहा मिनिटांत त्यांनी चाळीसांपैकी तीस जण जागेवर बसवले. आम्ही आठवडाभर किती माणसे, हाच हिशेब करीत होतो. कोण माणसे, हे आमच्या आलेखाच्या कागदाला विचारायचे सुचले नव्हते. वर्तमानपत्रे सारी सारखी असतात.

मग त्या म्हणाल्या, "आणि वाट कुठे आहे?"

इथे वाद झाला. काकूंचे म्हणणे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गॅलरीच्या कडेने सरळ उत्तरेच्या भिंतीपर्यंत दोन वितींची वाट मोकळी हवी. दोन वीत म्हणजे दीड फूट. दहा फूट लांबीची वाट म्हणजे पंधरा चौरस फूट. म्हणजे चार माणसे. आम्ही म्हणालो, चहा हातोहात पुढे देता येईल. चहा शेवटी ठेवता येईल. चहा नसला तरी चालेल. काकू म्हणाल्या, "चहाचं नाही म्हणत मी."

त्यांनी पंगतीचे उदाहरण दिले. त्यांच्या कोकणातल्या सासरी पडवीत पंगत बसे. पाट किती मावतात, हे सगळेच मोजतात. खरे मोजायचे ते दोन ओळींच्या मधले, कारण वाकून वाढणाऱ्याला उभ्या माणसापेक्षा जास्त जागा लागते. वाढप्याची वाट चुकली, की वरण पानात पडायचे ते पाहुण्याच्या उपरण्यावर पडते. आम्ही पंगतीत जेवलेली माणसे. पण पंगत वाढणाऱ्याच्या बाजूने कशी दिसते, ते त्या दिवशी प्रथम ऐकत होतो. सहज म्हणून एकाने विचारले, की मग तुम्ही कुठल्या पंगतीला बसायचात. "आमची शेवटची. आत, चुलीशी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर आल्या. "मास्तरांना मधे गरम पाणी लागेल."

"त्यांच्याजवळ तांब्या-भांडं ठेवतोय, काकू."

"गार होईल ते. गरम लागेल."

चार वर्तमानपत्रे उचलली गेली. चाळीसांच्या यादीतून चार नावे कापणे शक्य नव्हते. यादीतले लोक आता नुसते आकडे राहिले नव्हते, हीच पंचाईत झाली होती. चार जागा आमच्याच पाचांपैकी चौघांच्या निघाल्या. पाचवा, म्हणजे घरमालक, पंख्याच्या बटणापाशी लागणार होता. आम्ही चौघे जिन्यात, लँडिंगवर थांबायचे ठरले. निकट रंगभूमीचे चार पुरस्कर्ते दाराबाहेर.

त्या शनिवारी संध्याकाळी सहाला माणसे येऊ लागली. चपला-बुटांची व्यवस्था आम्ही विसरलो होतो, ती लँडिंगवरच करावी लागली, त्यामुळे पुढचे दीड तास आम्ही अंगाशी छत्तीस जोड घेऊन उभे होतो. शेजाऱ्यांनी सोफा ठेवून घेतलाच होता, त्यात टीव्हीही बंद ठेवला. या त्यागाची किंमत त्या वेळी मालिका पाहणाऱ्या घरालाच कळेल. सव्वासहाला पंखा थांबला. मास्तरांनी वाचायला सुरुवात केल्याचे आम्हाला आतल्या शांततेवरून कळले.

लँडिंगवरून काय दिसते? दारातून समोर सरळ गॅलरी दिसते. तिच्या चौकटीत मावळता उजेड, तीन पाठी, आणि अलीकडे काकूंनी मागून घेतलेली ती रिकामी पट्टी. मास्तर डाव्या हाताच्या भिंतीला, म्हणजे आमच्या दृष्टीच्या बाहेर. शब्द कळत नव्हते. चढउतार कळत होते, थांबे कळत होते, आणि त्या थांब्यांवरून कथा माहीत असलेल्या आमच्यातल्या एकाला प्रसंग ओळखता येत होते. तो बोटांनी पाने उलटल्याची खूण करी. मध्यंतरात पंखा सुरू झाला आणि घामाने निथळलेली दोन माणसे बाहेर आली. कसे चालले आहे, असे विचारले, तर त्यातले एक काहीच न बोलता रुमालाने मान पुसत राहिले आणि परत आत गेले.

दुसऱ्या भागात, साधारण पंधरा मिनिटांनी, आवाज थांबला. हा थांबा कथेतला नव्हता, हे बाहेरही कळले. कोणी खोकले नाही. कोणी हलले नाही. हलता येण्यासारखी जागाही नव्हती. वीस-पंचवीस सेकंद गेली असतील. मग गॅलरीच्या अलीकडच्या त्या दीड फुटातून काकू गेल्या: एका हातात स्टीलचे भांडे, त्यावर पदराचे टोक धरलेले, वाकून, कुणाला धक्का न लावता. त्या दिसेनाशा झाल्या. पुन्हा शांतता. मग त्या त्याच वाटेने रिकाम्या हाताने परतल्या, आणि आवाज सुरू झाला, आधीपेक्षा बराच खालून. खुर्च्यांवरची माणसेसुद्धा पुढे झुकलेली दिसली. आम्हाला त्यापुढचे एक अक्षरही ऐकू आले नाही. कथा साडेसातनंतर संपली.

मास्तरांनी ती पुरी वाचली, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. कशी वाचली, हे आतल्या छत्तीस जणांना विचारावे लागेल. त्यांपैकी अनेकांनी आम्हाला सांगितलेही. पण ऐकून आलेल्या माणसाने सांगितलेले ऐकणे हे आमचे छबिलदासच झाले.

रात्री सतरंज्या झाडून, सोफा आणून, पसारा लावताना आलेखाचा तो कागद पुन्हा पुढे आला. कशासाठी कोण जाणे, एकाने त्यावर जुनी मांडणी पेन्सिलीने काढली आणि पट्टी लावली. पूर्वेची जुनी खुर्ची, आणि तिथून प्रत्येक जागेचे अंतर. नेहमीची पहिली रांग ६ फूट. आमचा आवडता कोपरा ११ फूट. स्वयंपाकघराचा उंबरा ५ फूट. पट्टी पुन्हा लावली, तेवढेच आले. नऊ वर्षे मास्तरांच्या सर्वांत जवळचा श्रोता तिथे, दाराआड, डब्यावर बसलेला होता. आम्हाला वाटत असे, की काकू चहा करतात आणि अधूनमधून कानावर पडते तेवढे ऐकतात. त्या ज्या पत्र्याच्या डब्यावर बसत, त्यावर एक जुनी उशी होती, ती आम्ही त्या रात्री प्रथम नीट पाहिली. मध्यभागी खोल बसलेली.

आणि मग घरमालक मित्र जे बोलला, ते त्याने बोलायला नको होते किंवा फार आधी बोलायला हवे होते. मास्तरांच्या दुखण्याआधी जवळजवळ वर्षभर काकू त्याला म्हणाल्या होत्या, की मास्तरांचा आवाज वाक्य संपताना बसतो आहे, मधे ते उगाच थांबतात, त्यांना कुणीतरी सांगा डॉक्टरांना दाखवायला. त्याने ते म्हातारपणचे बोलणे समजून सोडून दिले. आम्ही सारे ६, ८, ११ फुटांवर होतो. आम्हाला ते थांबे वाचनशैलीतली नवी प्रगल्भता वाटत होते. आमच्यातल्या एकाने तर त्यावर लिहिलेही होते. त्या वर्षाने काही बदलले असते का, हे डॉक्टर सांगू शकतील. आम्ही त्यांना विचारलेले नाही, आणि मास्तरांना हे सांगितलेले नाही.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी नेहमीचे पंधरा जण येणार होते आणि वाचणारा दुसरा होता, धडधाकट घशाचा. उत्तरेच्या भिंतीची मांडणी शास्त्रशुद्ध आहे, तीच कायम करावी, असे चौघांचे मत पडले. नकाशा नव्याने काढला. त्यात या खेपेस स्वयंपाकघराच्या दारात एक चौकोन आखला आणि तो काकूंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"हे काय?"

"तुमची जागा, काकू. खुर्ची ठेवतो."

"दारात खुर्ची ठेवलीत तर दार लागेल कसं? फोडणीचा वास बाहेर जाईल."

आम्ही म्हणालो, त्या दिवशी फोडणी नको. त्या हसल्या. मग कागद परत देताना म्हणाल्या, "आणि मास्तरांची ती खुर्ची... म्हणजे वाचणाऱ्याची. पूर्वी होती तिथेच बरी होती. तिथून मला ऐकू येतं." नऊ वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही आमच्या माहितीतली पहिली गोष्ट.

खुर्ची पूर्वेला परत गेली. पाठीमागून उजेड, पाठीमागून लोकल, दूरच्या कोपऱ्याला १५ फूट. सगळे दोष जसेच्या तसे. स्वयंपाकघराचे दार काढून ठेवावे म्हणून पानाघेऊन खटपट केली, पण बिजागरीचे स्क्रू गंजले होते आणि खालचा निघालाच नाही. शेवटी दार पूर्ण उघडून मागे विटेचा तुकडा लावला. खुर्ची काकूंनी नाकारली, ती करकरते म्हणून. डबा तेवढा दोन फूट पुढे, उंबऱ्याच्या अलीकडे आला. मास्तर दुसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवशी चहाला पाच मिनिटे उशीर झाला.